आडवी रेघ आणि खालची काळी पट्टी: 21 इंची रंगीत टीव्ही संचाच्या दुरुस्तीची नोंद

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या एका काकाजींचा 21 इंची रंगीत पिक्चर ट्यूबचा संच सध्या माझ्या टेबलावर आहे. सुरू केल्यावर साधारण अर्ध्या तासाने त्याचे चित्र अचानक मिटते आणि पडद्याच्या मधोमध एक प्रखर पांढरी आडवी रेघ उरते. कधी ती क्षणभर राहते, कधी बराच वेळ. संच देताना काकाजी म्हणाले होते, ‘‘थापड मारली का येते चित्र, मंग पुन्हा जाते.’’ दुरुस्ती करणाऱ्याने असे वाक्य जपून ठेवावे, कारण थापेने बरा होणारा दोष बहुधा सुट्या भागात नसून कुठल्यातरी जोडात असतो.

रेघ आली तरी आवाज अखंड चालू राहतो, हे मी आधी पाहिले. पडद्यावर उजेड आहे, म्हणजे ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) काम करते आहे, आणि रेघ पडद्याच्या पूर्ण रुंदीची आहे, म्हणजे सेकंदाला 15,625 वेळा इलेक्ट्रॉनचा किरण आडवा फिरवणारा हॉरिझॉन्टल विभागही शाबूत आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्राच्या 625 ओळी असतात आणि किरणाला सेकंदाला 50 वेळा वरून खाली न्यावे लागते. तेवढे एकच काम थांबले आहे. त्यामुळे शोध किरण वरखाली नेणारी व्हर्टिकल आयसी, तिचा पुरवठा, योकच्या (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या, किरण वळवणाऱ्या गुंडाळीच्या) उभ्या कॉइल आणि त्यांच्या मालिकेतील कपॅसिटर एवढ्यापुरता मर्यादित राहतो. मात्र तपासणी चालू असताना ईएचटीवरचा स्क्रीन कंट्रोल रेघ जेमतेम दिसेल इतका खाली आणावा. सगळा उजेड एकाच ओळीवर पडत राहिला तर तेथील फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, कायमचा जळतो आणि तशी ट्यूब आता मिळणे अवघड आहे.

झाकण उघडल्यावर मापनाआधी बराच वेळ सफाईत गेला. आमच्या भागात वेचणीनंतर कापूस भाव येईपर्यंत घरातच साठवलेला असतो आणि त्याची बारीक तूस मागच्या जाळीतून आत शिरते. धुळीशी मिळून तिचा थर बसतो, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि ईएचटीच्या आसपास विजेच्या गळतीला वाट मिळते. सफाईपूर्वी प्लग काढून मुख्य कपॅसिटर बल्बमधून रिकामा केला, कारण 230 व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर त्यात सुमारे 325 व्होल्ट साठतात. ट्यूबच्या अॅनोडवर तर 24 ते 25 हजार व्होल्ट असतात, म्हणून तोही ट्यूबच्या बाहेरील अर्थ पट्टीशी जोडून उतरवला. ही दोन कामे झाल्याशिवाय ब्रश हाती घेऊ नये.

रेघ आली असतानाच मोजायचे, हे मी आधीच ठरवले होते. चित्र ठीक असताना घेतलेली मापे अशा दोषात काहीच सांगत नाहीत. व्हर्टिकल आयसीचा पुरवठा सुमारे 25 व्होल्टवर स्थिर होता. मीटर एसीवर ठेवून, प्रोबच्या मालिकेत छोटा कपॅसिटर धरून पाहिले, तर आयसीच्या आउटपुट पिनवर सिग्नल होता. पण योकच्या मालिकेतील सुमारे एक ओहमच्या रेझिस्टरवर काहीच नव्हते. आयसी ढकलते आहे, पण योकमधून करंट वाहत नाही, असा याचा अर्थ. मग प्रोब मार्गावर पुढे नेत योकच्या प्लगपर्यंत आलो आणि त्याच्या एका पिनला टोक टेकताच चित्र उघडले. वीज बंद करून भिंगातून पाहिल्यावर त्या पिनभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग स्पष्ट दिसली. योक हलली की तिच्या वायरींचा ताण याच जोडावर येतो, आणि रोज तापणे व निवणे त्यात भर घालते. जुने सोल्डर पूर्ण काढले, पिन खरवडून स्वच्छ केली आणि नवे सोल्डर भरले. वरून नुसता नवा थेंब टाकणे मला मान्य नाही. पिनवरचा ऑक्साइड आतच राहतो आणि भेग परत येते. त्याच बैठकीत आयसीच्या आणि ईएचटीच्या पिनाही नव्याने जोडल्या.

त्यानंतर रेघ आलेली नाही. दुसरा दोष मात्र राहिला होता आणि त्याची वागणूक नेमकी उलटी होती. थंडीत सकाळी संच सुरू केला की चित्र खालून आखडलेले असे, दोन बोटे रुंदीची काळी पट्टी दिसे आणि काही मिनिटांत ती आपोआप भरून निघे. भेगाळलेला जोड तापल्यावर बिघडतो, तर आतून सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थंड असताना बिघडतो आणि तापल्यावर सुधारतो. दोन्ही दोष एकाच विभागातले असले तरी एकाच दुरुस्तीने जातील अशी अपेक्षा मी म्हणूनच ठेवली नव्हती. खात्रीसाठी थंड संचात पुठ्ठ्याच्या अरुंद नळीतून हेअर ड्रायरची गरम हवा एकेका कपॅसिटरवर सोडली. योकच्या मालिकेतील 1000 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा कपॅसिटर गरम होताच पट्टी मिटली, बाकीच्यांनी काही फरक पडला नाही. त्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, पण 85 ऐवजी 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा कपॅसिटर यवतमाळहून आणून बसवला. आयसीजवळचा 100 मायक्रोफॅरडचा बूस्ट कपॅसिटरही (किरण झटक्यात परत वर नेताना जादा व्होल्टेज देणारा) बदलला. तो कमजोर झाला की चित्राचा वरचा भाग दुमडतो. येथे अजून तसे दिसत नव्हते, पण त्याचे वय पहिल्याइतकेच होते.

आता फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्समधून पेनड्राइव्हवरील चौकटींचे आणि वर्तुळाचे चित्र लावून मी उंची व लिनिअरिटी (चित्र वरपासून खालपर्यंत सारखे पसरणे) जुळवत आहे. मधली वर्तुळे गोल आहेत, सर्वांत वरची चौकट किंचित ताणलेली आहे. ती प्रीसेटवर (जुळवणीच्या छोट्या फिरत्या रेझिस्टरवर) सुधारते, पण प्रीसेटची धावपट्टी झिजली असल्याने हलवताना चित्र थरथरते, म्हणून तो बदलणे हे पुढचे काम आहे. त्यानंतर संच मागचे झाकण लावून सलग काही तास चालवीन, कारण झाकणाशिवाय आतले तापमान चढत नाही आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेवढ्या उष्णतेत योकचा जोड टिकतो का, हे पाहिल्यावरच संच काकाजींच्या घरी जाईल.