औषध सांगण्याआधी माती विचारणारी माणसे

अमेरिकेतल्या टॅकोमा शहराच्या आठवडी बाजारात एका टेबलाशी काही सेवानिवृत्त मंडळी लोकांनी आणलेली रोगट पाने तपासत बसतात आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाहीत. त्यांना येथे ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. घरच्या बागेविषयीचे प्रश्न वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्यांना, म्हणजे लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्यांना, एकट्याने पेलेनात, म्हणून १९७३ साली याच भागात नागरिकांची पहिली तुकडी शिकवून तयार करण्यात आली. शिकवणीच्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांना द्यायचे, अशी अट होती, आणि पुढे ही पद्धत अमेरिकाभर पसरली.

मी माझ्या कुंडीतल्या पिवळ्या पडलेल्या कढीपत्त्याची डहाळी घेऊन गेलो, तेव्हा तेथील बाईंनी, “हे झाड मला माहीत नाही, वाचून कळवते,” असे सरळ सांगितले. थंडीत हे झाड पाने गाळते, वसंतापर्यंत पाणी कमी द्या, असे उत्तर काही दिवसांनी आले. माझ्यापुढच्या गृहस्थांचे टोमॅटो बुडाशी काळे पडले होते आणि त्यांना फवारणीचे औषध हवे होते. बाईंनी पाणी केव्हा आणि किती घालता, हेच खोदून खोदून विचारले, कारण पाण्यात खंड पडला की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्यावर कोणतीही फवारणी करून उपयोग नसतो. आपल्याकडे प्रश्न पुरता सांगून होण्याआधीच दुकानदार बाटली काढून ठेवतो. अर्थात त्यालाही दोष देववत नाही, कारण विचारायला दुसरे असते कोण?

म्हणून आपल्याला काही येत नव्हते, असे मात्र मी मुळीच मानणार नाही. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या परड्यात मोरीच्या पाण्यावर अळू, मांडवावर दोडका आणि कुंपणाला शेवगा, ही मांडणी आमच्या आजीला कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नव्हती. ती चुलीतली राख परड्यात पसरायची. त्यामागचे कारण मला येथे उमगले. मुसळधार पावसाने तांबड्या मातीतला चुना वाहून जातो, माती आम्ल होते आणि राख ती आम्लता कमी करते. टॅकोमाची मातीही पावसाने अशीच आम्ल झालेली आहे, म्हणून येथे चुना टाकतात. परंतु तीच राख बेळगावच्या वडगाव किंवा येळ्ळूरच्या काळ्या मातीत टाकणे बरे नाही, कारण ती माती बहुधा मुळातच अल्कधर्मी असते. आजीचे ज्ञान तिच्या परड्यापुरते अचूक होते. आता खानापूरची लेक वडगावला नांदते आणि परड्याच्या जागी फरशी आली आहे, तेव्हा हा फरक तिला मराठीत समजावून सांगणारे कोणीतरी गल्लीत असायला हवे.

बेळगावच्या टिळकवाडी, शहापूरमध्ये आणि निपाणीत निवृत्त शिक्षक आणि परसबागेत मुरलेल्या मावश्या पुष्कळ आहेत. धारवाडचे कृषी विद्यापीठ जवळ आहे आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्रही आहे. तेथील कन्नड माहिती मराठीत सांगू शकणारी दुभाषी माणसे तर आपल्या घराघरात आहेत. या सगळ्यांनी मिळून आपल्याकडेही असे टेबल मांडावे आणि सुरुवात मातीच्या नमुन्यापासून करावी. पावसाळ्यापूर्वी परड्यात चार-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, सगळी एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवावी आणि खत घालण्याआधी तपासायला द्यावी.