आमच्या ह्यांची तडीपारी

फेब्रुवारी २०२३ मधली दुपार. मी ब्लाउजला हुक लावत बसले होते, तेवढ्यात ओळखीचे पोलीसदादा दारात आले. आधी पाणी मागितलं, मग म्हणाले, "वहिनी, दादांची एक सही पाहिजे होती." कागद दीड पानाचा. वर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५९ आणि खाली मजकूर असा, की कलम ५६ प्रमाणे आपल्याला आपला जिल्हा व लगतचे दोन जिल्हे यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा करावा. ह्यांनी तो दोनदा वाचला आणि हसले. "मला तडीपार? मी काय मटका चालवतो?"

आमची साडेतीन एकर जमीन, गोदावरीच्या काठी. हे चार-पाच वर्षांपासून दोन गोष्टींच्या मागे लागले होते, पीकविमा आणि वाळू. पीकविम्याच्या आंदोलनाला अख्खं गाव बरोबर असायचं. वाळूच्या वेळी कोणी नाही. ह्यांनी माहिती अधिकारात घाटाच्या लिलावाचे कागद मागितले, परवानगी किती ब्रासची आणि उपसा किती, ते विचारलं. त्यानंतर सहा महिन्यांत आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११० ची चॅप्टर केस झाली, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला आणि मग ही नोटीस. कोणाचा हात होता हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कागदावर ते कुठेच नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

तालुक्याच्या एका वकिलांनी नुसत्या खुलाशाचे पंचवीस हजार सांगितले. घरात तेव्हा अकरा हजार होते आणि तेही बियाण्याचे. माझी नणंद पुण्याला हडपसरला असते. तिने कुठून तरी १५१०० हा नंबर काढला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत. तिकडून सांगितलं, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरण असतं, तिथे अर्ज द्या.

तालुक्याच्या खिडकीवर माझी पहिली फेरी फुकट गेली. तिथल्या बाबूंनी तीन अडचणी काढल्या. पहिली, हे कोर्टाचं काम नाही, पोलिसांचं आहे, आम्ही फक्त कोर्टाच्या केसला वकील देतो. दुसरी मोठी गमतीची. म्हणाले, तुम्ही बाई आहात, तुम्हाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो, कोठडीत असलेल्यालाही मिळतो. पण नोटीस तुमच्या मालकांच्या नावाची आहे, ते या कशातच बसत नाहीत. त्यांचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे असा दाखला आणा. आणि तिसरी, दाखला तहसीलदारांचाच लागेल.

म्हणजे ज्या तहसीलच्या गेटला ह्यांनी कुलूप लावलं होतं, तिथूनच दाखला आणायचा. सेतूत अर्ज टाकला. तलाठी अहवाल देईनात. नोटिशीत खुलाशाला दिलेले दिवस निघून चालले होते.

शेवटी एसटीने जिल्ह्याला गेले. प्राधिकरणाचे सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं, नाहीतर मी जायला घाबरलेच असते. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं पुस्तक त्यांच्या टेबलावरच होतं. त्यात 'कोर्ट' या शब्दाच्या व्याख्येत अर्धन्यायिक काम करणारे अधिकारीही येतात, म्हणजे हद्दपारीचा आदेश काढणारे प्रांत, उपविभागीय दंडाधिकारी, यांच्यापुढची सुनावणीही आली. आणि उत्पन्नाचं म्हणाल तर अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, शंका घ्यायला कारण असेल तरच पुढची चौकशी. दोन्ही गोष्टी कायद्यातच आहेत. मी त्याच दिवशी कोर्टाच्या आवारात टायपिंग करून घेतलं, दुसऱ्या दिवशी ह्यांना आणून सही केली. खर्च झाला तो एसटीचा आणि झेरॉक्सचा.

पहिले वकील मिळाले ते उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांपुढच्या तारखेला आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, दुसऱ्या कोर्टात होतो. कोणाला वाटेल, फुकटचं ते असंच असायचं. मलाही वाटलं. पण मी सचिवांकडे साधा अर्ज दिला की वकील बदलून द्या, आणि आठवड्यात बदलून मिळाला. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिल्याच वकिलावर रुसून परत आलेली तीन-चार माणसं मला नंतर भेटली.

नव्या वकील मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान. पहिल्या भेटीत त्यांनी ह्यांना विचारलं, "किती गुन्हे दाखवलेत?" हे म्हणाले, सहा. मॅडम म्हणाल्या, "सहा असू देत नाहीतर साठ. कलमं काय आहेत ते वाचू." आणि पेन्सिल घेऊन बसल्या. त्या दिवशी मी जे शिकले ते असं.

कलम ५६ च्या ज्या पोटकलमाखाली नोटीस होती, त्यात कुठलाही गुन्हा चालत नाही. बळजबरीचा किंवा हिंसेचा गुन्हा पाहिजे, नाहीतर भारतीय दंड संहितेच्या बाराव्या, सोळाव्या किंवा सतराव्या प्रकरणातला पाहिजे. (तेव्हा जुनी दंड संहिताच होती. न्याय संहिता लागू झाली जुलै २०२४ पासून.) ह्यांच्या सहापैकी चार गुन्हे होते १४३, १८८ आणि पोलीस कायद्याच्या ३७ व १३५ चे. म्हणजे बेकायदा जमाव आणि जमावबंदीचा भंग. मोर्चा काढणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर हे असतात. ते त्या प्रकरणांत येतच नाहीत. पाचवा रस्ता रोकोचा, ३४१. सहावा ३५३, सरकारी कामात अडथळा, तहसीलच्या गेटवरचा. हे दोन मात्र सोळाव्या प्रकरणात येतात, कारण ते प्रकरण मानवी शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचं आहे. खून त्यातच, खुनाचा प्रयत्न त्यातच आणि रस्त्यावर बसून गाडी अडवणं हेही त्यातच. मला हसावं की रडावं कळेना. ३४१ मधून हे २०२१ मध्येच निर्दोष सुटले होते आणि त्या निकालाची नक्कल आमच्या ट्रंकेत होती. सहातून उरला एक.

त्याच पोटकलमात आणखी एक अट आहे. साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं पाहिजे. म्हणून पोलीस 'इन कॅमेरा', म्हणजे बंद दाराआड, जबाब घेतात. आमच्या फाइलमध्ये साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब' होते. नावं देत नाहीत, नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलं की कायद्याने भागतं. 'अ' म्हणत होता की यांनी मला चाकू दाखवून खिशातले पैसे काढले. 'ब' सुद्धा तेच म्हणत होता, त्याच शब्दांत, पूर्णविरामासकट. दोघांच्या जबाबांत गावाचं नाव नाही, नेमकी तारीख नाही. आमच्या ह्यांच्याकडे चाकू म्हणजे सुपारी कातरायचा अडकित्ता, तोही सासऱ्यांचा.

मी मॅडमना म्हटलं, मग लिहा ना सरळ, की वाळूचं प्रकरण काढलं म्हणून सूड उगवतायत. कोणी उगवला तेही लिहा. मॅडमनी मान हलवली. "ताई, लिहू एका परिच्छेदात, माहिती अधिकाराच्या अर्जांच्या तारखांसकट. पण त्यावर उभं नाही राहायचं. सूड सिद्ध करायला गेलो की पुराव्याचं ओझं आपल्या डोक्यावर येतं. आदेश कायद्यात बसत नाही एवढं दाखवलं, तर कोणाच्या मनात काय होतं हे कोणाला विचारावंच लागत नाही." तेव्हा मला याचा राग आला होता. वाटलं, ही बाई घाबरते. घाबरत नव्हती.

खुलासा दिला. कलम ५९ मध्ये वकिलामार्फत हजर राहायचा आणि आपले साक्षीदार तपासायचा हक्क आहे, म्हणून चौघांना घेऊन गेलो. चार माणसं मिळवताना माझ्या चपला झिजल्या. पीकविम्याच्या वेळी खांद्यावर घेणारे आता तारखेच्या दिवशी सोयऱ्याकडे जात होते. जे आले त्यांत एक आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी होत्या. त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "हा चाकू दाखवील? याला कोंबडी कापता येत नाही." ते जबाबात लिहून घेतलं गेलं, शब्दशः.

तरी जूनमध्ये प्रांतांचा आदेश आला. तीन जिल्हे, दोन वर्षं, म्हणजे कायद्यात जास्तीत जास्त जेवढी मुदत आहे तेवढी पुरती. पेरणीच्या तोंडावर ह्यांना जीपमध्ये बसवून हद्दीबाहेर एका ढाब्याजवळ सोडलं. परत आत दिसले तर अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हे नणंदेकडे गेले, तिथल्या पोलीस ठाण्यात महिन्यातून एकदा हजेरी. मी बैल हाकायला शिकले नाही, ते खोटं कशाला सांगू. रान बटईने दिलं.

त्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. ठाण्यातल्या फळ्यावर ह्यांचा फोटो लागला. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका निम्म्या झाल्या. बचत गटात कोणी काही बोललं नाही, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. ऑगस्टमध्ये सासूबाई पडल्या, खुबा मोडला. तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते, मागितली. ती आली तोवर ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या होत्या.

कलम ६० खाली तीस दिवसांत अपील करायचं असतं, ते विभागीय आयुक्तांकडे केलं. ह्यांना जिल्हा बंद असल्याने वकीलपत्रावर सही घ्यायला मी पुण्याला गेले आणि रात्रीच्या गाडीने परत. अपील ऑक्टोबरमध्ये फेटाळलं, चार ओळींत.

मग हायकोर्ट. खंडपीठाच्या आवारात उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीचं कार्यालय आहे. जिल्ह्यातून आमची सगळी फाइल त्यांच्याकडे गेली, तिथून दुसरे वकील मिळाले. शहराचं नाव तोवर कागदोकागदी वेगळं झालं होतं. एसटीवर छत्रपती संभाजीनगर, हायकोर्टाच्या कागदावर औरंगाबाद. मी अर्जात दोन्ही लिहिलं, भांडण नको. फौजदारी रिट याचिका दाखल झाली. कोर्ट फी नाही, टायपिंग नाही, काही नाही. एकदा वकीलसाहेबांच्या हातात मी पाचशेची नोट ठेवायला गेले, ते दचकून मागे सरकले. विधी सेवेच्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत.

त्यांच्या युक्तिवादाची मोठी काठी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०२२ चा निकाल. तोही मराठवाड्यातलाच, जालना जिल्ह्यातून झालेल्या तडीपारीचा. त्यात कोर्टाने सांगितलंय की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, देशात कुठेही फिरण्याच्या घटनेतल्या हक्कावर ती घाला घालते, जुने शिळे गुन्हे त्याला आधार होत नाहीत, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर ती का, याचा विचार आदेशात दिसला पाहिजे. आमच्या आदेशात एवढंच होतं की 'दोन वर्षे योग्य वाटते'. शेजारचे दोन जिल्हे का, याला कारणच नव्हतं. सहापैकी एकही गुन्हा त्या जिल्ह्यांतला नाही.

सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली. मी मागच्या बाकावर. वीस मिनिटंही लागली नसतील. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना 'अ' आणि 'ब' चे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितले. ते वाचत गेले आणि मध्येच थांबले. हे जबाब प्रांतांनी स्वतः तपासले का, असा पुढचा प्रश्न होता. आदेशात तशी एक ओळही नव्हती. आदेश रद्द. निकालपत्रात वाळू हा शब्द एकदाही नाही. मॅडमचं म्हणणं मला तिथे, बाहेरच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना, पटलं.

हे परत आले तेव्हा सात महिने होऊन गेले होते. ३५३ ची केस अजून चालू आहे, तारखा पडतात. माहिती अधिकाराचं दुसरं अपीलही आयोगाकडे पडून आहे.

राहिला होता फळ्यावरचा फोटो. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन मी ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा म्हणाले साहेब नाहीत, दुसऱ्यांदा म्हणाले वरून पत्र यावं लागतं. तिसऱ्यांदा नोटीस घेऊन आलेले तेच पोलीसदादा ड्युटीवर होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नखाने कडा सोडवली आणि फोटो माझ्या हातावर ठेवला. पासपोर्ट साइजचा, चांगला निघालेला. गेल्या महिन्यात बँकेच्या केवायसीला तोच चिकटवला.