संकट संपण्याआधीची साक्ष

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत जो साक्ष देण्यासाठी उभा राहतो, त्याचे संकट बहुधा टळलेले असते. आजार बरा झालेला असतो, नोकरी लागलेली असते, वर्षानुवर्षे चाललेला दावा निकाली निघालेला असतो, आणि प्रभूने कसे सांभाळले हे तो सांगू लागला की ऐकणाऱ्यांचेही डोळे भरून येतात. अशा साक्षींचे मोल मी कमी लेखत नाही. लहानपणापासून माझा विश्वास त्यांवरच पोसला गेला आहे. परंतु आईचे डायलिसिस सुरू झाल्यापासून मला वेगळ्या साक्षीची ओढ लागली आहे. ज्याचे संकट अजून चालूच आहे, ज्याच्या प्रार्थनेला हवे ते उत्तर मिळालेले नाही, आणि तरीही ज्याने प्रार्थना सोडलेली नाही, अशा माणसाचे मला ऐकायचे आहे.

म्हणून मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. दुष्काळाच्या दिवसांत, तीर्थयात्रा करीत भटकत असताना, त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण यांचे मृत्यू पाहिले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेले आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांना पटकीने गाठले. कडेवर लहानगी मनोरमा होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडे ही कथा सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात, जणू बाप्तिस्म्याबरोबर सर्व प्रश्न मिटले. प्रत्यक्षात प्रश्नांना तेव्हाच जोर चढला. ज्या ख्रिस्ती मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांचे मतभेद झाले, आणि जे मनाला पटले नाही ते केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मान्य करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म तर आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे जावी लागली.

ही आठ वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. त्याच काळात त्या अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवली. मनातील शोध पुरा झाला नव्हता म्हणून हातातले काम थांबले नाही, आणि काम भरभराटीला आले म्हणून शोधही थांबला नाही. विश्वास वाढतो तो असा, असे मला आता वाटते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांचे घर झाले दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती सदन. दुष्काळात माणूस कसा मरतो हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

आईला सोमवारी आणि गुरुवारी यंत्रावर न्यावे लागते. चार तासांनंतर घरी आली की तिच्यात बोलण्याचेही त्राण उरत नाही. दिवसभराचे पाणी एका लहान तांब्यात मोजून ठेवलेले असते. भेटीला येणारे लोक मायेने शहाळे आणतात आणि पोटॅशियममुळे तेच तिला वर्ज्य आहे. पूर्वी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ती स्वतः पूर्ण अध्याय वाचत असे. आता त्या दोन दिवशी आम्ही फक्त प्रभूची प्रार्थना म्हणतो. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" येथे ती हल्ली थबकते. आम्हीही थांबतो. काही क्षणांनी ती पुढची ओळ स्वतःच उचलते, आणि त्या थांबण्यातला प्रामाणिकपणा मला कितीतरी सुरेल प्रार्थनांपेक्षा मोठा वाटतो.

सांत्वनाला येणारी काही माणसे मात्र ही शांतता सहन करू शकत नाहीत. देव सोसवेल तेवढेच देतो, यात काहीतरी चांगले असेलच, असे ती घाईघाईने बोलून जातात. त्यांचा हेतू निर्मळ असतो हे मला मान्य आहे. तरी बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून होते, तोवर त्यांचे सर्व योग्य होते. बिघडले ते त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केल्यावर.

याच दिवसांत मला बायबलच्या जुन्या करारातला संदेष्टा हबक्कूक सापडला. त्याच्या ग्रंथाचा शेवट आपण सर्वांनी ऐकलेला असतो: अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेत पिकले नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. या वचनाची सुंदर भित्तिपत्रके निघतात. पण तोच संदेष्टा पहिल्या अध्यायात देवाला सरळ जाब विचारतो की मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. त्यावर मिळणारे उत्तरही दिलासा देणारे नसते, कारण खास्दी लोक, म्हणजे बाबेलचे सैन्य, चालून येणार असेच देव त्याला सांगतो. तिसऱ्या अध्यायातील उल्हास तक्रार गिळून आलेला नाही. तक्रार देवापुढे मांडून, उत्तराची वाट पाहत बुरुजावर उभे राहून तो आलेला आहे. त्याच्या गोठ्यात गुरे तेव्हाही नव्हतीच.

येत्या बुधवारची प्रार्थनासभा आमच्या घरी आहे. हबक्कूकचे तीनही अध्याय एकाच बैठकीत वाचावेत असे मी पाळकसाहेबांना सुचवले आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. पहिला अध्याय आई वाचणार आहे.