हिरवा-पांढरा संगमरवर: फ्लॉरेन्स, प्रातो, पिस्तोया

फ्लॉरेन्सला गेलेला प्रत्येक जण द्वोमोसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलसमोर, मान वर करून उभा राहतो आणि मध्ययुगातल्या कारागिरांचं कौतुक करतो. तो दर्शनी भाग पुरा झाला १८८७ साली! सांता क्रोचे चर्चचाही एकोणिसाव्या शतकातलाच. जुनं काम बघायचं तर त्याच चौकात द्वोमोकडे पाठ करा. समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्तेरीचा (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचा) हिरवा-पांढरा साज साधारण अकराव्या-बाराव्या शतकातला. तिच्या कोपऱ्यांवरचे आडवे पट्टे मात्र १२९३ च्या सुमाराचे, आधी तिथे करडा दगड होता. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, आत जायचं असेल तरच तिकीट.

माझं मन अडकलं ते नदीपलीकडच्या टेकडीवरच्या सान मिनियातो अल मोंते चर्चमध्ये. बांधकामाची सुरुवात १०१८ ची. खाली पाच कमानी, त्यातल्या तीनच दारांच्या. उरलेल्या दोन नुसत्या दगडात आखलेल्या. वर तेराव्या शतकातलं सोनेरी मोझेक आणि अगदी शेंड्याला कापडाचा गठ्ठा पायात धरलेला गरुड. हे कालिमाला या कापड व्यापाऱ्यांच्या संघाचं चिन्ह. खर्च आम्ही करतो हे सांगायची हौस तेव्हाही होतीच.

हिरवा दगड मुळात संगमरवर नव्हेच, तो सर्पेंटाइन. फ्लॉरेन्सशेजारच्या प्रातो शहराजवळच्या मोंतेफेर्रातो टेकड्यांतला. जवळ जाऊन बघा: पांढरे तुकडे गुळगुळीत, शेजारचे हिरवे मात्र कुठे कुठे पापुद्रे सुटलेले. उघड्यावर तो लवकर झिजतो, त्यामुळे बरेच तुकडे नंतर बदललेले आहेत. लांबून तो काळाच वाटतो, पण पावसाची सर आली की हिरवा रंग खुलतो. म्हणून ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. ऊन असेल तर दुपार कलल्यावर जा, दर्शनी भाग वायव्येकडे आहे. चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण मध्ये दुपारी बंद असतं आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पायऱ्या दमवतात, घरची वडीलधारी मंडळी सोबत असतील तर सरळ बस धरा.

दुसऱ्या दिवशी प्रातो आणि पिस्तोया या शहरांसाठी फ्लॉरेन्सहून लुक्का शहराच्या दिशेची साधी लोकल. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड ठरलेला. प्रातोला चेन्त्राले स्टेशनवर उतरू नका, पुढच्या पोर्ता आल सेर्राल्योला उतरा. कॅथेड्रल तिथून चार पावलांवर. बाहेरच्या कोपऱ्यात दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो या शिल्पकारांचं व्यासपीठ आहे, त्यावरची शिल्पं नकला आहेत, मूळ संग्रहालयात. इथली बदामाची बिस्किटं प्रसिद्ध आहेत, पण त्यात अंडं असतं.

पिस्तोयाला सान जोव्हान्नी फुओरचिव्हितास चुकवू नका. या चर्चने रस्त्याकडे तोंड नाही, कूस केली आहे आणि सगळा थाट त्या एका उत्तरेच्या भिंतीवर: तळापासून वरपर्यंत हिरवे-पांढरे पट्टे. दारावरच्या दगडी पट्टीवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं शिल्प आहे, खाली ग्रुआमोन्ते या शिल्पकाराचं नाव. भिंत सावलीत असल्याने फोटो भर दुपारीही चांगले येतात. गल्ली अरुंद आहे, पूर्ण भिंत एका चौकटीत मावत नाही.

पाय शाबूत असतील तर त्याच गाडीने पुढे लुक्का. सान मिकेले चर्चच्या दर्शनी भागासाठी दुर्बीण जवळ ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत तिथे गारिबाल्दी आणि काव्हूर या इटलीच्या एकीकरणाच्या नेत्यांचे चेहरे बसवलेत.