चार रकाने: वही तिसरी

तिसरी वही परवा उघडली. मागच्या नोंदीनंतर तीन महिने गेले आणि त्यातला दीड महिना एकाच ओळीत गेला. त्या ओळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी जे कोणी बायबलमधली येशूच्या आयुष्याची चारही शुभवर्तमानं शेजारी-शेजारी मांडून वाचताय, ते कधी ना कधी तिथे अडकणार.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी 27 वर्षं हिशेब लिहिले. निवृत्त झाल्यावर माझ्या शाळेतल्या बाईंकडे जाणं-येणं वाढलं. बाई ख्रिस्ती, वय 84. बारीक अक्षर आता त्यांना दिसत नाही, म्हणून दुपारी मी त्यांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवते. वाचता वाचता लक्षात आलं की येशूची गोष्ट चार जणांनी चार वेळा सांगितली आहे. मत्तयाचे 28 अध्याय, मार्काचे 16, लूकचे 24, योहानाचे 21. एकाच माणसाच्या आयुष्याच्या चार वह्या, चार हातांच्या. त्या दिवशी घरी जाताना नवी पेठेतून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब खतावणी घेतली आणि चार रकाने आखले.

पद्धत तीच चालू आहे. एका प्रसंगाला एक ओळ. मजकूर निळ्या शाईत, जे फक्त एकाच्याच वहीत आहे ते तांबड्या, आणि माझ्या शंका पेन्सिलीनं. सुरुवातीला एखाद्याकडे प्रसंग नसला की मी रकान्यात 'नाही' लिहीत असे. बाईंनी ते थांबवलं. "अगं, 'नाही' नको लिहूस. त्यानं सांगितलं नाही, एवढंच आपल्याला कळतंय. घडलंच नाही असं तो कुठे म्हणतो?" तेव्हापासून रकाना कोरा सोडते. पहिल्या वहीतली जन्माची पानं म्हणूनच बरीचशी कोरी आहेत. मार्क आणि योहान जन्माबद्दल काही सांगत नाहीत. तारा, मागी लोक (पूर्वेकडचे ज्योतिषी), हेरोद राजा आणि मिसरला पळून जाणं मत्तयाकडे. शिरगणती, गव्हाण आणि मेंढपाळ लूककडे. नाताळच्या देखाव्यात दोन्ही एकाच गोठ्यात उभे असतात, वहीत मात्र एकमेकांना भेटत नाहीत. वंशावळीतही योसेफाचा बाप मत्तयाकडे याकोब आहे, लूककडे एली. त्यावर मागे बोललो आहोत, पुन्हा उगाळत नाही.

आता ती ओळ.

एक स्त्री येते, येशूला मोलाचं सुगंधी तेल लावते, भोवतालचे लोक नाक मुरडतात आणि येशू तिची बाजू घेतो. चौघांकडेही हा प्रसंग आहे: मत्तय 26, मार्क 14, लूक 7, योहान 12. मी चारही एका ओळीत उतरवले आणि पुढे गेले. आठ दिवसांनी पडताळा घ्यायला बसले, तर लूकचा रकाना कशालाच जुळेना.

मार्काकडे गाव बेथानी आणि घर कुष्ठरोगी शिमोनाचं. वल्हांडण हा यहूद्यांचा सण दोन दिवसांवर आलेला. ती स्त्री कुपी फोडते आणि तेल डोक्यावर ओतते. मत्तय जवळजवळ तसंच सांगतो. योहानाकडेही गाव बेथानीच, पण सणाला सहा दिवस बाकी आहेत, मार्था वाढते आहे, लाजर पंगतीला आहे, आणि तेल लावणारी त्यांची बहीण मरीया. ती ते पायांना लावते आणि केसांनी पुसते. लूकचं सगळंच वेगळं. तिथे येशू अजून गालीलात फिरतो आहे, शेवटचा आठवडा खूप लांब आहे. घर एका परूश्याचं, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाचं. आलेली स्त्री गावात पापी म्हणून ओळखली जाणारी. ती रडते, आसवांनी पाय भिजवते, केसांनी पुसते, मग तेल लावते. इथे कुरकुर तेलाच्या किमतीची नाहीच, अशा बाईला जवळ येऊ कसं दिलं याची आहे. त्यावर येशू दोन कर्जदारांचा दाखला देतो, एकाचं कर्ज 500 आणि दुसऱ्याचं 50, दोघांनाही माफ. कोण जास्त प्रेम करील?

म्हणजे लूकचा प्रसंग वेगळा, त्याला वेगळी ओळ द्यायची, असं ठरवून मी पट्टी घेतली. आणि थांबले. कारण त्या परूश्याचं नावही शिमोनच आहे. कुपी मत्तय-मार्कातल्यासारखीच अलाबास्त्र नावाच्या दगडाची. आणि पाय, केस ही खूण लूक आणि योहान या दोघांतच आहे, मत्तय-मार्कात नाही. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही हे बघून ताणाबाणाच आठवेल. उभा धागा एकीकडचा, आडवा दुसरीकडचा, आणि कुठला ओढला तर काय उसवेल ते सांगता येत नाही.

किमतीपाशी मी बराच वेळ रेंगाळले. मार्क म्हणतो 300 दीनारांहून जास्त, योहान म्हणतो 300, मत्तय नुसतं 'पुष्कळ किंमत' म्हणतो. बाईंच्या जुन्या प्रतीत दीनाराच्या जागी 'रुपये' छापलंय, त्यामुळे तो आकडा इतके दिवस माझ्या नजरेतून निसटत होता. मत्तयाच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाची मजुरी एक दीनार ठरते. आठवड्याचा शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) आणि सणवार वजा केले तर 300 दिवस म्हणजे वर्षभराची हजेरी. मी आयुष्यभर पगारपत्रकं केली आहेत. एका मजुराचं अख्ख्या वर्षाचं पगारपत्रक त्या एका कुपीत होतं, आणि ते एका संध्याकाळी संपलं. कुरकुरणाऱ्यांचा राग मला तेव्हा पहिल्यांदा कळला. तो खोटा नव्हता.

पण कुरकुरणारे कोण, हे बघा. मार्क म्हणतो 'काही जण'. मत्तय म्हणतो 'शिष्य'. योहान म्हणतो यहूदा इस्कर्योत, येशूला पुढे पकडून देणारा शिष्य, आणि वर सांगतो की पैशाची थैली त्याच्याकडे असे आणि तो त्यातलं काढून घेत असे. बहुतेक अभ्यासक मार्काची वही सगळ्यांत आधीची, इसवी सन 70च्या आसपासची मानतात, आणि योहानाची सगळ्यांत उशिराची. तो क्रम धरला तर काळ जातो तसा दोष एकाच माणसाच्या माथी येत जातो. हे माझं निरीक्षण आहे आणि ते पेन्सिलीनंच लिहिलं आहे.

आणखी एक. मत्तय आणि मार्क या दोघांच्या वहीत येशू म्हणतो, जगात जिथे जिथे ही सुवार्ता सांगितली जाईल तिथे तिथे हिनं केलेलंही हिच्या आठवणीसाठी सांगितलं जाईल. आणि या दोघांपैकी एकानंही तिचं नाव लिहिलेलं नाही! नाव योहान देतो, पण त्याच्याकडे हे वाक्य नाही. ते वचन मी बाईंना तीनदा वाचून दाखवलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. पण आमच्या घरातली शेंगाचटणी तिचीच. उखळात कुटायची, मिक्सरला लावायची नाही, हे तिचं सांगणं अजून पाळतोय आम्ही."

ते तेल जटामांसीचं. दुसऱ्या दिवशी काष्ठौषधींच्या दुकानातून 50 ग्रॅम जटामांसी आणली. हिमालयातलं ते मूळ, तपकिरी आणि केसाळ, वाळलेल्या शेपटासारखं. कागदाची पुडी बाईंच्या टेबलावर उघडली. अत्तरासारखा गोडवा त्याला नाही. ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा, थोडा उग्र वास. दोन खोल्यांच्या घरात तो संध्याकाळपर्यंत राहिला. घर तेलाच्या वासानं भरून गेलं, असं फक्त योहान सांगतो. त्या रकान्यातलं ते तांबडं वाक्य आता मी डोळे मिटूनही वाचू शकते.

अडचण मात्र तशीच होती. योहानाकडे हा प्रसंग येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येण्याआधी घडतो, मार्काकडे आल्यानंतर. ओळ टाकायची कुठे? इथे माझा जुना हात वळवळला. हिशेबात दोन वह्या जुळल्या नाहीत की मेळ बसेपर्यंत उठायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली आहे. मेळ बसवणारेही होऊन गेलेत. दुसऱ्या शतकात, साधारण 170च्या सुमारास, तातियान नावाच्या माणसानं चारही गोष्टी एकत्र विणून एकच सलग गोष्ट केली. सिरियाकडच्या मंडळ्यांत ती पाचव्या शतकापर्यंत वाचली जात होती. मग थिओडोरेट नावाच्या बिशपनं आपल्या भागातल्या 200हून जास्त प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली. आपल्या मराठीतही सलग कथेची वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. ऐकायला बसलेल्या माणसासाठी तीच वाट बरोबर आहे. माझं काम वेगळं आहे.

मला वाट सापडली ती चौथ्या शतकातल्या युसेबियसकडे. कैसरियाचा हा बिशप माझ्याच जातकुळीचा निघाला. त्यानं एकही शब्द हलवला नाही. चारही पुस्तकांचे लहान लहान तुकडे मानून त्यांना क्रमांक होते: मत्तय 355, मार्क 233, लूक 342, योहान 232. मी बेरीज केली, 1162. मग त्यानं दहा तक्ते केले. पहिल्या तक्त्यात चौघांकडे आहे ते, पुढच्या तिन्हींत तिघांकडचं, मग दोघांकडचं, आणि दहाव्यात ज्याचं त्याच्याकडेच आहे ते. पुस्तकाच्या समासात तुकड्याचा क्रमांक आणि त्याखाली तक्त्याचा क्रमांक, तोही तांबड्या शाईत! हा तर आमचा खतावणीतला पान नंबर. रोजकीर्दीतली नोंद जागची हलत नाही, समोर फक्त खात्याचं पान लिहायचं आणि शोधणाऱ्यानं उलटून बघायचं. कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर गुमास्ता जे करतो तेच.

मग तसंच केलं. तेलाच्या प्रसंगाच्या आता तीन ओळी आहेत: लूकची त्याच्या जागी, योहानाची त्याच्या जागी, मत्तय-मार्काची एकत्र. प्रत्येकीसमोर तांबड्यात इतर दोघींचे पान नंबर. पहिल्या दोन वह्यांतल्या अशा ओळी शोधून दुरुस्त करण्यात पंधरा दिवस गेले. येशूनं यरुशलेमेतल्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याची ओळही त्यात मार्गी लागली. योहानाकडे ती दुसऱ्याच अध्यायात आहे, बाकी तिघांकडे शेवटच्या आठवड्यात. आधी मी योहानाला ओढून शेवटी आणलं होतं. आता तो परत आपल्या जागी गेला आहे.

दुरुस्त्या करताना पाच हजारांच्या जेवणाची ओळ पुन्हा उघडली. येशूच्या सेवेतला चौघांनीही सांगितलेला हा एकच चमत्कार, म्हणून ते पान सगळ्यांत भरगच्च. पाच भाकरी, दोन मासे, उरलेल्या बारा टोपल्या, यात चौघांचं एकमत. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाकडच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. गवत हिरवं होतं, हे फक्त मार्क. मी आधी त्या 'हिरवं'खाली नुसती रेघ मारली होती. आपल्याकडे मार्च-एप्रिलात माळावर हिरवी काडी दिसत नाही, कडब्याच्या गंजीही पांढऱ्या पडलेल्या असतात, त्यामुळे माझ्या मनात तो प्रसंग श्रावणातला होता. या वेळी योहानाच्या रकान्यात दिसलं की वल्हांडण जवळ आला होता. म्हणजे वसंत. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि गवत वसंतातच हिरवं असतं. मार्क ऋतू सांगत नाही, योहान गवताचा रंग सांगत नाही, आणि दोघांचं बरोबर जुळतं. इथे मेळ मी बसवला नव्हता, तो आपोआप बसला.

तिसऱ्या वहीत आत्ता वधस्तंभावरच्या पाटीची ओळ पुरी झाली. मार्क: यहूद्यांचा राजा. लूक: हा यहूद्यांचा राजा. मत्तय: हा येशू, यहूद्यांचा राजा. योहान: येशू नासोरी, यहूद्यांचा राजा, आणि योहान पाटीच्या तीन भाषाही सांगतो, इब्री, लॅटिन, ग्रीक. सोलापूरच्या पूर्व भागात आपल्या दुकानांवर मराठीखाली तेलुगू असतं, कुठे कन्नड, कुठे उर्दू, आणि नाव एकच असलं तरी प्रत्येक लिपीत ते थोडं वेगळं बसतं. योहानाकडे याजक पिलाताला, म्हणजे रोमी सुभेदाराला, पाटी बदलायला सांगतात, आणि तो म्हणतो, लिहिलं ते लिहिलं. मला आमचे मोठे हिशेबनीस आठवले. वहीत खोडाखोड करू द्यायचे नाहीत.

आता कबरेपाशी आले आहे. मार्काच्या शेवटाचं कसं करायचं ते ठरवलंय: 16व्या अध्यायाच्या 8व्या वचनानंतर पेन्सिलीची दुहेरी रेघ, कारण सीनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत पुस्तक तिथेच संपतं, पुढची बारा वचनं रेघेखाली, वेगळी. तुम्ही कुणी हे दुसऱ्या तऱ्हेनं मांडलं असेल तर जरूर कळवा.

त्या सकाळी कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांची नावं काल उतरवली. मार्काकडे तिघी, मत्तयाकडे दोघी, लूककडे योहान्ना आणि आणखी काही जणी, योहानाकडे एकटीचंच नाव. कुणी एक देवदूत सांगतो, कुणी दोन पुरुष. चारही रकान्यांत येणारं त्या स्त्रियांतलं नाव एकच, मरीया मग्दालीया. चौथ्यांदा ते लिहिलं, शाई वाळू दिली आणि वही पिशवीत घातली. आज तीन वाजता बाईंकडे न्यायची आहे.