कॅराजीनन, डेक्स्ट्रोज आणि अडकलेलं बिल ऑफ एन्ट्री: माझा अनुभव

‘यात डेक्स्ट्रोज (म्हणजे एक साखर) का घातलंय?’ या कस्टम्सच्या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा टाईप केलंय की आता झोपेतून उठवून विचारलं तरी देईन. त्यामुळे पुढचं लिखाण जरा चिडून लिहिलेलं वाटलं तर समजून घ्या. कॅराजीनन, अगार, अल्जिनेट असलं शेवाळाचं थिकनर (पदार्थ दाट करणारं) पहिल्यांदा आयात करणार असाल, तर माझी चिडचिड वगळून बाकीचं उपयोगी पडेल.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आइस्क्रीमवाल्यांना आणि फ्लेवर्ड मिल्कवाल्यांना स्टॅबिलायझर करून देतो. चॉकलेट मिल्कच्या बाटलीत कोको तळाला बसू नये म्हणून जे अगदी चिमूटभर घालतात, ते कॅराजीनन. लाल समुद्री शेवाळापासून काढतात. बँकेतल्या साहेबांना मी ‘चायना ग्रासचा चुलतभाऊ’ एवढंच सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं. (चायना ग्रास म्हणजे अगार, तोही लाल शेवाळाचाच, पण शेवाळ वेगळं.) तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर कॅराजीननचं कप्पाफायकस नावाचं शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. पण आमच्या गिऱ्हाइकाने जी रिफाइंड ग्रेड पास केली होती ती सेबूच्या उत्पादकाची होती, म्हणून फिलिपिन्सहून मागवली.

आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), बँकेच्या एडी कोडची नोंदणी, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) सेंट्रल लायसन्स, एनओसी, या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झालं. फक्त माल उतरताना शेल्फ लाइफ ६० टक्के तरी शिल्लक हवी किंवा एक्स्पायरीला तीन महिने तरी हवेत, यांतलं जे कमी असेल ते, हे ऑर्डर देतानाच सप्लायरला लिहून कळवा. पोत्यावर आयएनएस ४०७ (अन्नात घालायच्या पदार्थांच्या यादीतला कॅराजीननचा क्रमांक) छापलंय का तेही फोटो मागवून बघा.

आता कोड, म्हणजे ज्यावरून ड्यूटी ठरते तो मालाचा वर्गीकरण क्रमांक. टॅरिफमध्ये १३०२ हे हेडिंग वनस्पतीजन्य रस, अर्क, पेक्टिन, अगार आणि इतर थिकनर यांचं आहे. अगारला स्वतःची जागा आहे, १३०२ ३१ ००. ग्वार आणि लोकस्ट बीन १३०२ ३२ मध्ये. कॅराजीननचं नाव कुठेच नाही, ते ‘इतर’मध्ये, १३०२ ३९ ०० खाली येतं. आमचा माल आला तेव्हा त्यावर बेसिक ड्यूटी ३० टक्के होती. आम्ही बिल ऑफ एन्ट्रीत (आयात मालाची कस्टम्सला द्यायची नोंद) तोच कोड भरला. कुणालाही शंका यायचं कारण नव्हतं.

क्वेरी पडली, म्हणजे कस्टम्सने खुलासा मागितला. उत्पादकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘डेक्स्ट्रोज आणि पोटॅशियम क्लोराइडने स्टँडर्डाइझ केलेलं’ अशी एक ओळ होती. असेसिंग ऑफिसरचं म्हणणं: शेवाळाच्या अर्कात साखर आणि मीठ मिसळलं म्हणजे ते फूड प्रिपरेशन झालं, २१०६ मध्ये का घालू नये याचा खुलासा करा.

२१०६ म्हणजे काय ते पैशात सांगते. २०१८च्या बजेटमध्ये सोया प्रोटीन सोडून २१०६ ९० मधल्या बाकीच्या प्रिपरेशनवरची ड्यूटी ३० वरून ५० टक्क्यांवर नेली. १० लाखांच्या मालावर १३०२ मध्ये ३ लाख ड्यूटी, त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, एकूण ३ लाख ३० हजार. २१०६ मध्ये साडेपाच लाख. फरक २ लाख २० हजार. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते गणतीत धरू नका. हे २ लाख २० हजार मात्र सरळ खिशातून जातात.

डेक्स्ट्रोज घालायचं कारण साधं आहे. शेवाळ हे पीक आहे. पाऊस, हंगाम, किनारा बदलला की त्यातून निघणाऱ्या कॅराजीननची जेलची ताकद बदलते. एक बॅच जास्त कडक, दुसरी नरम. आइस्क्रीमवाल्याला दर वेळी तेवढंच वजन घालून तोच परिणाम हवा असतो, म्हणून कडक बॅचमध्ये थोडी साखर घालून ताकद ठरलेल्या आकड्यावर आणतात. पोटॅशियम जेल घट्ट व्हायला मदत करतं. जगभर सगळे उत्पादक हेच करतात. आणि ज्या एचएसएन (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या) एक्स्प्लनेटरी नोट्स बघून कस्टम्स वर्गीकरण करतं, त्यांत १३०२ खाली लिहिलंय की या थिकनरमध्ये वापरताना एकसारखा परिणाम मिळावा म्हणून साखर वगैरे घालून स्टँडर्डाइझ केलेलं चालतं. एवढं स्पष्ट.

मी उत्तरात तो परिच्छेद जोडला, सप्लायरचं पत्र जोडलं, ई-संचितवर (कस्टम्सच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर) टाकलं. माझ्या मते विषय संपला होता.

फेसलेस असेसमेंट ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर लागू आहे. म्हणजे माल एका बंदरात आणि तुमचं बिल बघणारा अधिकारी भलत्याच शहरात. तो कोण, कुठे, त्याच्या टेबलाशी जाऊन बसता येत नाही. भ्रष्टाचाराच्या दृष्टीने ही पद्धत चांगली आहे हे मला मान्य आहे. पण बिल एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की दुसऱ्याने पहिल्याचं वाचलेलं असेलच असं नाही. आमच्या बाबतीत पुढची क्वेरी आली ती आधीच्याच्या बरोबर उलट: हे प्रक्रिया केलेलं शेवाळच दिसतं, तर १२१२ मध्ये, म्हणजे शेवाळाच्या हेडिंगमध्ये, का नाही? एकाच्या मते माल फार शिजलेला, दुसऱ्याच्या मते कच्चा.

हा दुसरा प्रश्न खरं तर बिनबुडाचा नव्हता. सेमी-रिफाइंड नावाचा स्वस्त प्रकार असतो, आयएनएस ४०७ए, त्यात शेवाळ अल्कलीत शिजवून धुऊन वाळवून दळतात आणि सेल्युलोज तसंच राहतं. त्यात आम्लात न विरघळणारा भाग ८ ते १५ टक्के असतो. रिफाइंड ४०७ मध्ये तो २ टक्क्यांच्या आत हवा. आमच्या सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिसवर (सीओए) हा आकडा स्वच्छ छापलेला होता. तो दाखवला, आणि १२१२ची गोष्ट तिथेच मिटली. तेव्हा सीओएवर ‘अ‍ॅसिड इन्सोल्युबल मॅटर’ची ओळ असल्याशिवाय माल जहाजावर चढवू नका.

१२१२ मिटलं तरी २१०६ परत आलंच. तेच वाक्य, तोच डेक्स्ट्रोज. मग फर्स्ट चेक, म्हणजे ड्यूटी ठरवण्याआधी मालाची तपासणी: सँपल काढा, लॅबला पाठवा.

सँपल काढताना मी सीएफएसमध्ये (कंटेनरचा माल ठेवतात त्या गोदामात) हजर होते. पॅलेटवरच्या क्राफ्ट पेपरच्या पोत्याची शिवण सोडली, आतली प्लास्टिकची पिशवी उघडली, मलईच्या रंगाची बारीक पावडर. तिथे नोंद करणाऱ्या माणसाने सवयीने ओल्या बोटावर घेऊन चोळली आणि बोट लगेच बुळबुळीत झालं. तो म्हणाला, ‘हे तर गोंदासारखं आहे, मॅडम.’ मला वाटलं, हा तिकडे असेसमेंटला बसला असता तर बरं झालं असतं.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: टेस्ट मेमोवर (सँपलसोबत लॅबला जाणाऱ्या कागदावर) काय लिहिलं जातं ते बघा. लॅब विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आमच्या मेमोवर नुसतं ‘घटक सांगा’ होतं. रिपोर्ट आला: पॉलिसॅकराइड, डेक्स्ट्रोज आणि क्लोराइडसह. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून जे सांगत होते तेच, लेटरहेडवर. त्याने वाद इंचभर हलला नाही, उलट ‘डेक्स्ट्रोज आढळलं’ म्हणून परत क्वेरी. साखर कशासाठी घातली हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही, ते उत्पादकालाच सांगावं लागतं. मेमोवर निदान ‘मुख्य घटक थिकनर आहे का, तो समुद्री शेवाळाचा आहे का, इतर घटकांचं प्रमाण किती’ एवढं तरी विचारलं जाईल अशी लेखी विनंती तुमच्या सीएचएमार्फत (कस्टम्स एजंटमार्फत) करा.

इकडे भाडं चढत होतं. माल एलसीएल (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये) होता म्हणून कंटेनर डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार) नव्हतं, पण सीएफएसचं ग्राउंड रेंट आठवड्यागणिक वरच्या स्लॅबमध्ये जातं. कस्टम्सने डिटेन केलेल्या मालावर भाडं घेऊ नये असा नियम २००९ पासून आहे. विचारलं, तर क्वेरीत अडकलेला माल म्हणजे डिटेन केलेला माल नव्हे, असं उत्तर. शेवटी कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम ४९ खाली माल वेअरहाऊसमध्ये हलवायची परवानगी घेतली. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ठळक सांगते: प्रकरण लांबणार असं दिसलं की लगेच कलम ४९.

आमचे सीएचए चांगले आहेत, पण तेही थकले. ‘मॅडम, या वेळी २१०६ मान्य करा, माल सोडवू, पुढच्या वेळी बघू.’ मी नाही म्हटलं. तुम्ही लेखी मान्यता दिलीत की कलम १७(५) खालच्या स्पीकिंग ऑर्डरचा हक्क गेला. मान्य नसेल तर रीअसेसमेंटनंतर १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो आणि त्यावर ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडे जाता येतं. शिवाय एकदा २१०६ने सोडवलेला माल पुढच्या प्रत्येक बिलाला तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो. फारच घाई असेल तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट मागा. बाँड आणि बँक गॅरंटी द्यावी लागते, पण माल सुटतो आणि वाद चालू राहतो.

मी पुन्हा उत्तर लिहिलं, या वेळी वकिलासारखं. पहिलं, २१०६ हे ‘इतरत्र न आलेल्या’ प्रिपरेशनचं हेडिंग आहे, आणि हा माल १३०२ मध्ये आलेला आहे. दुसरं, स्टँडर्डायझेशनचा एक्स्प्लनेटरी नोटमधला उतारा, या वेळी पानाचा फोटो घेऊन, त्या ओळीखाली लाल रेघ. तिसरं, ब्लॉकबोर्डच्या वादात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालात एचएसएनचा आधार घ्यावा असं म्हटलंय, त्याचा उल्लेख. चौथं, आणि माझ्या मते याच कागदाने काम केलं: सप्लायरकडून त्याच बॅचचं साखर घालण्याआधीचं आणि नंतरचं जेल स्ट्रेंग्थ असं दोन्ही आकड्यांचं सहीशिक्क्याचं पत्र. साखर चवीला नाही, ताकद नेमक्या आकड्यावर आणायला घातली, हे त्या दोन आकड्यांत दिसतं. सोबत आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) अ‍ॅनॉनिमाइझ्ड एस्कलेशनची तक्रारही टाकली. ती सोय रखडलेल्या बिलांसाठीच आहे आणि ती वापरल्याने कुणी डूख धरेल ही भीती बाळगू नका, नाव तिकडे जात नाही.

बिल १३०२ ३९ ०० वरच असेस झालं. खुलासा नाही, ‘उत्तर समाधानकारक’ एवढंही नाही. ड्यूटी भरली, आउट ऑफ चार्ज (माल नेण्याची परवानगी) मिळाला. त्या रात्री मी घरच्यांना बाहेर जेवायला नेलं आणि आइस्क्रीम मात्र मागवलं नाही.

काही गोष्टी मागाहून आठवल्या. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने सुचवलं होतं की ३९१३ मध्ये टाका, ड्यूटी कितीतरी कमी. ३९१३ १० अल्जिनेटसाठी आहे, ते तपकिरी शेवाळातून येतं आणि रसायनही वेगळं. कॅराजीननमध्ये सल्फेट असतं, लॅबला ते पहिल्याच फटक्यात कळतं. मग चुकीची माहिती दिली म्हणून कलम १११(एम), दंड, आणि जुनी पाच वर्षं उकरली जातात. नको.

फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाच्या मालावर आसियान कराराखाली काही सवलत मागणार असाल, तर फॉर्म एआयवरचा (मूळ देशाच्या सर्टिफिकेटवरचा) सहा आकडी कोड आणि तुमच्या बिलावरचा कोड एकच आहे ना ते बघा. कॅरोटार २०२० (मूळ देश सिद्ध करण्याचे नियम) आल्यापासून माल तिथलाच आहे याची माहिती आयातदाराकडेच असावी लागते, नुसतं सर्टिफिकेट पुढे करून भागत नाही.

अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे कोडबद्दल आधीच निर्णय घेऊन ठेवणं, हा सगळ्यात शहाणा रस्ता आहे. मुंबईत त्याची अ‍ॅथॉरिटी आहे, फी १० हजार, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण तोच प्रश्न तुमच्याच बाबतीत कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असेल तर अर्ज घेत नाहीत. म्हणजे पहिली ऑर्डर देण्याआधी अर्ज करा, क्वेरी पडल्यावर नव्हे.

आणि हो, मी लिहिलंय ते नुसत्या स्टँडर्डाइझ केलेल्या कॅराजीननबद्दल. इमल्सिफायर, दूध पावडर वगैरे मिसळलेलं तयार आइस्क्रीम स्टॅबिलायझर मागवत असाल तर हा युक्तिवाद गुंडाळून ठेवा. त्याला २१०६ लावलं तर भांडायला जाऊ नका, तिथे अधिकाऱ्याचं बरोबर असतं.