गाळात गेलेलं धरण

आमच्या सोसायटीची टाकी धुतात तेव्हा तळाचा बोटभर गाळ बघून सगळे नाकं मुरडतात. भाषेतही गाळाला मान नाही. धंदा गाळात जातो, पतपेढी गाळात जाते. निफाड तालुक्यात मात्र एक अख्खं धरण गाळात गेलं आणि त्याचं सोनं झालं.

नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, कोपरगावकडे कालवे काढले. दोन्ही नद्या तेव्हापासून इमानेइतबारे माती आणून टाकतायत. बेटं वर आली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या हिशेबात हा तोटाच. पण दलदलीत चरणाऱ्या पाखराला घोटाभर पाणी आणि खाली मऊ चिखल मिळाला की पुरे. १९८६ मध्ये इथं अभयारण्य झालं, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातून पहिलं.

पौषात आईला घेऊन गेलो. निफाडची थंडी म्हणजे द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी, आई शालीत गुरफटून "बदकं बघायला एवढ्या लांब?" म्हणत चापडगावच्या मनोऱ्यावर चढली. समोर जांभळी पाणकोंबडी. एका पायावर उभी राहून दुसऱ्या पंजात लव्हाळ्याचा कोंब धरलेला, आणि आपण उसाचं कांडं सोलून खावं तसा तो चोचीनं सोलून खात होती. आईनं दुर्बीण परत द्यायचं नावच घेतलं नाही.

पलीकडे काळ्या पाखरांचा मोठा थवा होता. अंग बुक्क्यासारखं काळं, चोचीपासून कपाळापर्यंत पांढराशुभ्र टिळा. "हे वारकरी," वाटाड्या पोरगा म्हणाला.

"त्र्यंबकला निघाले असतील," आई लगेच. "निवृत्तीनाथांची यात्रा आलीच ना."

तेवढ्यात वर दलदली ससाणा घिरटी घालून गेला आणि वारकरी पाण्यावरून फडफडत धावत सुटले. उडण्याआधी त्यांना असं धावावंच लागतं. चक्रवाक तेवढे ढिम्म बसून होते. हिमालयापलीकडून आलेल्यांना एका ससाण्याचं काय कौतुक!

परतताना बांधावर आईची चप्पल चिखलात रुतली. ओढून काढली. घरी आल्यावर मी ती नळाखाली धरणार, तर म्हणाली, "राहू दे, वाळली की झटकून तुळशीत टाक."